लिटमस सर आणि कंपनी

दहावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परत गेले की माध्यमिक शाळेच्या स्टाफरूममध्ये एक धोकादायक पोकळी निर्माण होते. टाचण नाही, बदली तास नाही, चहा मात्र दोनदा येतो. अशा पोकळीतून पूर्वी भिशी निघायची, फार तर पतपेढीच्या निवडणुकीचं पॅनेल. हल्ली उन्हाळी विज्ञान शिबिर निघतं.

सुरुवात ठरलेली असते. कोणीतरी खिडकीबाहेर बघत म्हणतं, "त्या कोपऱ्यावरच्या रोबोटिक्सवाल्या पोराला मी सहामाहीत अकरा मार्क दिले होते. आता आठवड्याचे साडेचार हजार घेतो." मग सगळे गप्प. मग विज्ञानाचे सर चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसतात आणि म्हणतात, "आणि आपण बावीस वर्षं फुकट शिकवतोय." वास्तविक पगार दर महिन्याला होत असतो, थोडा उशिरा का होईना. पण त्या क्षणी तो कोणालाच आठवत नाही.

आमच्या सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीत राहणारे विज्ञानाचे सर म्हणजे या प्रकाराचा अस्सल नमुना. पोरं त्यांना लिटमस सर म्हणतात. वर्गात शिरले की लाल, हेडसरांपुढे गेले की निळे. भागीदार तिघं. हिशेबाला गणिताच्या बाई, शिस्तीला पीटीचे सर आणि फ्लेक्सला चित्रकलेचे सर. चित्रकलेचे सर ज्या तुकडीवर आहेत तिला अजून वीस टक्केच अनुदान आहे, त्यामुळे चौघांत खरी गरज त्यांची. बाकीच्यांना गरज नव्हती, कोपऱ्यावरच्या पोराचे अकरा मार्क होते.

पहिली अडचण कायद्याची आली. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याचं कलम २८ सांगतं की शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नाही. बाईंनी हे वाचून दाखवलं तेव्हा पीटीचे सर एकदम 'विश्राम'मध्ये गेले. लिटमस सर मात्र शांत होते. शासनाच्या प्रत्येक प्रशिक्षणाला हजर राहून फुकटचं जेवण आणि ज्ञानरचनावाद असं दोन्ही त्यांनी पचवलेलं होतं. ते म्हणाले, "शिकवणी म्हणजे शिक्षक शिकवतो ती. ज्ञानरचनावादात शिक्षक काहीच शिकवत नाही, मूल स्वतःच ज्ञान रचतं. आपण फक्त साहित्य पुरवणार. म्हणजे आपण कायद्याने मंडपवाले." हा युक्तिवाद कोर्टात कितपत टिकेल ते माहीत नाही, पण बाईंना तो पटला नाही एवढं नक्की, कारण पावतीपुस्तक शेवटी सरांच्या बायकोच्या नावाने छापलं गेलं. त्या भरतकाम करतात. शिबिराच्या पावतीवर त्यांचं पद 'संचालिका' असं आहे आणि शिबिर संपेपर्यंत त्यांना ते माहीत नव्हतं.

हँडबिलाचा मजकूर सगळ्यांनी मिळून केला. 'ज्वालामुखी (खरा). रॉकेट (खरे). लिंबाची वीज (खरी).' पीटीच्या सरांना 'डायनासोर' हवा होता, पण कंसात काय लिहायचं यावर अडलं. वरती मोठ्या अक्षरात 'तुमचा मुलगा उद्याचा शास्त्रज्ञ!' होतं, बाईंनी "आणि मुली काय पोळ्या लाटणार?" एवढं विचारल्यावर 'तुमचे मूल' झालं. छापखान्यातून प्रूफ आलं तेव्हा मात्र चौघांच्याही खिशातून एकदम लाल पेन निघाले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना गोल, 'विद्यार्थ्यी'ला दुहेरी गोल, आणि खाली शेरा: 'अक्षर बरे. लक्ष नाही. पुन्हा लिहून आणणे.' छापखानेवाला पन्नाशीचा गृहस्थ. तो दुसऱ्या दिवशी खरोखरच नवं प्रूफ घेऊन आला आणि कोणी 'बस' म्हणेपर्यंत उभा राहिला.

इथेच या माणसांची गोम आहे. दुकान मांडता येतं, गल्ल्यावरही बसता येतं. पण समोर आलेल्या माणसाला गिऱ्हाईक मानायचं तंत्र यांना कोणत्याच डी.एड., बी.एड.ला शिकवलेलं नसतं.

चौकशीचे फोन सुरुवातीला सर घेत.

"सर, कोडिंग आहे का?"

"मूल कितवीत?"

"दुसरीत."

"बुटाची नाडी स्वतः बांधतो?"

"नाही, म्हणजे वेल्क्रो आहे."

"आधी नाडी. मग कोडिंग." आणि फोन ठेवून देत. असे काही फोन गेल्यावर बाईंनी सरांचा नंबर हँडबिलावर पट्टी चिकटवून झाकला आणि आपला घातला. दुसऱ्या पालकाने 'नासा'चं सर्टिफिकेट मिळेल का विचारलं. बाईंनी सांगितलं, "नासाचं नाही, आमचं मिळेल. आमच्यावर तारीख बरोबर असते."

फी ठरवताना वाद झाला तो ऐकण्यासारखा होता. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून हॉलच्या भाड्याची बोलणी करायला मी तिथेच बसलो होतो. दहा दिवसांचे बावीसशे, असं बाईंचं गणित. सरांचा जीव खालीवर. कारण शिबिरातले निम्मे प्रयोग अरविंद गुप्तांचे. आयआयटी कानपूरमधून इंजिनियर झालेला हा माणूस होशंगाबादच्या खेड्यांतल्या शाळांत रमला, आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्याने भूमिती हातात दिली, पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अकरा वर्षं पोरांना कचऱ्यातून खेळणी करायला शिकवली, २०१८ साली पद्मश्री झाला आणि सगळं काही जगाला फुकट देऊन टाकलं. "फुकट दिलेल्यावर आपण बावीसशे लावायचे?" सर कळवळून म्हणाले.

बाईंनी वहीतून डोकं वर काढलं नाही. "सर, फी काडीची नाही. मे महिन्यात सकाळी नऊ ते बारा पोर घराबाहेर राहतं त्याची आहे. पालक विचारतात, अकरापर्यंत आहे की बारापर्यंत. प्रयोग कोणी विचारला?"

हे इतकं खरं होतं की मी हॉलचं भाडं दोनशेने उतरवलं.

निकाल १ मेला, झेंडावंदनानंतर. त्यानंतरच्या सोमवारी शिबिर. पहिल्या दिवशी नऊला पाच कमी असताना सरांनी हजेरी घेतली, रोल नंबरने, मुली आधी. नऊ वाजून दोन मिनिटांनी आलेल्या चार ग्राहकांना दाराबाहेर उभं केलं. त्यांतल्या एकाने 'आमी पैशे भरलेत' असं म्हटल्यावर सरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "उद्या पालकांना घेऊन ये."

पालक उद्यापर्यंत थांबले नाहीत, त्याच दिवशी आले. हिंजवडीला मोठ्या हुद्द्यावर असलेला मनुष्य, गळ्यात पट्टा, कानात यंत्र. बावीसशे भरून मुलाला बाहेर उभं करतात म्हणजे काय, हे विचारायला तो जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत आला. दारात लिटमस सर उभे होते. सरांनी काही केलं नाही. चष्म्याच्या वरून फक्त पाहिलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या माणसाचे दोन्ही हात मागे गेले, कानातलं यंत्र खिशात गेलं आणि तो म्हणाला, "सर, परत नाही होणार." पुढचे नऊही दिवस तो मुलाला पावणेनऊला आणून सोडत होता. मला वाटतं, तिकडच्या मीटिंगांनाही वेळेवर जायला लागला असावा.

ज्वालामुखी चित्रकलेच्या सरांच्या ताब्यात होता. प्रयोग म्हणून तो पाच मिनिटांचा: खाण्याचा सोडा, वर व्हिनेगर, कार्बन डायऑक्साईडचा फेस, संपलं. पण सरांनी डोंगर केला तो सह्याद्रीचा. कडे, घळी, माथ्यावर तटबंदी, पायथ्याशी एक देऊळसुद्धा. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी लाव्हा सोडायची वेळ आली तर सर डोंगराला हात लावू देईनात. शेवटी लिटमस सरांनी समजूत घातली की आपला दख्खन लाव्हाचाच आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर बसून झालेला. तेव्हा हा विध्वंस नसून ही जन्मकथा आहे. चित्रकलेच्या सरांनी तोंड फिरवून परवानगी दिली. फेस देवळापर्यंत आला तेव्हा पोरांनी इतकी आरोळी ठोकली की खालचा वॉचमन शिट्टी वाजवत वर आला, आणि वर आल्यावर त्याचीही दोन पोरं पहिल्या रांगेत बसलेली त्याला दिसली. त्यांची फी भरलेली नव्हती. बाईंच्या हजेरीत त्यांच्या नावापुढे 'साहित्य वाटप सहायक' असं लिहिलेलं होतं.

लिंबाच्या विजेने कंपनी जवळजवळ बुडाली होती. तांब्याची तार आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा खुपसला की एका लिंबाचा दाब जेमतेम एक व्होल्ट. लाल एलईडी लागायला दोनच्या आसपास हवेत, आणि प्रत्यक्षात तीन-चार लिंबं एकापुढे एक जोडल्याशिवाय तो मिणमिणतसुद्धा नाही. दहा गट, गटाला चार, म्हणजे चाळीस लिंबं, आणि मे महिना. मंडईत लिंबू त्या दिवशी दहाला एक. बाईंनी पर्याय काढला: बटाटे. बटाट्यातूनही वीज निघते, किलोत दहा-बारा बसतात. शास्त्राची काहीच हरकत नव्हती. हरकत सरांची होती. "हँडबिलावर लिंबू छापलंय. बटाटा लावला तर ती फसवणूक." तेव्हा लिंबंच आणली, दिवे लागले, आणि मग चाळीस लिंबांचं करायचं काय? जस्त उतरलेला रस पोटात जाऊ नये म्हणून सरांनी सरबताला सक्त मनाई केली होती. ती टोपली शाळेच्या शिपाईमामांनी उचलली. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमधल्या यच्चयावत गाड्यांना मिरची-लिंबू लटकत होतं, प्रत्येक लिंबाला दोन भोकं. सरांच्या स्कूटरलाही होतं. शिबिरातलं अंधश्रद्धेवरचं व्याख्यान त्याच दिवशी साडेदहाला होतं. सर स्कूटर तिथेच सोडून रिक्षाने खरेदीला गेले, पण लिंबू काही काढलं नाही. "मामांनी मनापासून बांधलंय," म्हणाले.

शाळेत मात्र हेच सर वेगळे. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कमरेला, आणि कपाट उघडायचं ते वार्षिक तपासणीला. चंचुपात्र फुटलं तर जडवस्तू नोंदवहीत कोण लिहिणार, म्हणून चंचुपात्र फळ्यावर. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हे चारही फळ्यावर, आणि खाली 'उतरवून घ्या'. साठ पोरांच्या वर्गात पस्तीस मिनिटांत दुसरं काय करता येतं, असं ते म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही. पण शिबिरात पहिली परीक्षानळी फुटली तेव्हा पोरगी रडायच्या बेतात असताना सर म्हणाले, "का फुटली? सांग. एका बाजूने तापली म्हणून. लिही हे निरीक्षण." बाईंनी त्या परीक्षानळीचे पंचवीस रुपये 'निरीक्षण' या खात्यावर टाकले. दहाव्या दिवसापर्यंत त्या खात्यावर बरीच काच जमा झाली होती.

मग शून्य सावली आली. पुण्याच्या डोक्यावर सूर्य नेमका येतो तो वर्षातून दोनदा, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस. जुलैत ढग, त्यामुळे खरी संधी एकच. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य डोक्यावर आला, असं सगळे धरून चालतात. पण आपलं घड्याळ चालतं प्रयागराजजवळच्या रेखांशावर, आणि पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून इथली खरी माध्यान्ह बारा एकतीसला. पालक मात्र बाराच्या ठोक्याला गेटवर. हॉर्न. सरांनी पोरांना सोडायला साफ नकार दिला आणि उलट पालकांनाच गाडीतून उतरवून आवारात आणलं. "अर्धा तास थांबा. ही वर्षाची गोष्ट आहे."

पीटीच्या सरांना एवढ्या दिवसांत प्रथमच आपलं काम मिळालं होतं. त्यांनी शिट्टी मारली. तीस-पस्तीस आयाबाप, दोन आजोबा, एक ड्रायव्हर, पोरं, सगळे एका हाताच्या अंतरावर. "सावधान!" बारा अठ्ठावीस. सावल्या बुटांखाली सरकायला लागल्या. मधोमध उभ्या केलेल्या पाइपाची सावली आखडत आखडत बारा एकतीसला नाहीशीच झाली. पोरं ओरडली. एक गृहस्थ खिन्नपणे म्हणाले, "माझी अजून आहे." सरांनी जवळ जाऊन पाहिलं आणि शास्त्राला धरून सांगितलं, "सावली जाते ती उभ्या काठीची. तुमचं पोट पायांच्या पुढे आहे. ही त्याची." त्या गृहस्थांच्या पत्नीला हे शिबिर फार आवडलं. त्यांनी पुढल्या वर्षाचे पैसे तिथल्या तिथे भरायची तयारी दाखवली.

रॉकेट शेवटून दुसऱ्या दिवशी. दोन लिटरची सोड्याची बाटली, तिसरा हिस्सा पाणी, बुचातून सायकलचा पंप. दिसावं छान म्हणून चित्रकलेच्या सरांनी पाण्यात गुलाबी रंग टाकला. पीटीचे सर पंप मारत होते आणि पोरं उलटी मोजत होती. शून्याच्या आधीच, तीनलाच, ते सुटलं, चार मजले चढलं, आणि बी विंगच्या गच्चीवर उतरलं.

गच्चीवर वाळवण होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या पाच किलो गव्हाच्या कुरडया. तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून, पहाटे उठून चीक शिजवून घातलेल्या. त्यांतल्या निम्म्या आता गुलाबी. आजी काठी न घेता वर आल्या, त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते कळत होतं. लिटमस सर माफी मागायला पुढे झाले, आणि तेवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यातल्या पातेल्यात उरलेल्या चिकाकडे गेली.

"आजी, हा चीक आहे ना? नुसता स्टार्च! एक चमचा देता?"

माफी राहिली बाजूला. सर प्रथमोपचाराच्या पेटीतून टिंक्चर आयोडीन घेऊन आले. पोरं गोल उभी. एक थेंब पडला आणि पांढरा चीक निळा-काळा झाला.

"अगंबाई, खराब आहे की काय?" आजींचा राग क्षणात काळजीत गेला.

"खराब? एक नंबर आहे. काळा झाला म्हणजे पिठूळपणा आहे. दुधात, पनीरमध्ये कोणी पीठ मिसळलं तर ते असंच काळं पडतं."

हे वाक्य सरांनी बोलायला नको होतं. आजींनी बाटली मागून घेतली. संध्याकाळपर्यंत बी विंगमधल्या सगळ्या पनीरवर थेंब पडले होते. दुसऱ्या मजल्यावरचं काळं झालं. तिथे त्या दिवशी पाहुणे जेवायला होते. आजी आता डेअरीवर जाताना ड्रॉपर घेऊन जातात आणि डेअरीवाला त्यांना आतून वेगळं पाकीट काढून देतो. गुलाबी कुरडया तळल्यावर फारच देखण्या दिसल्या. पुढल्या वर्षी हिरवा रंग हवा, असा निरोप आला आहे.

शेवटच्या दिवशी सर्टिफिकेटं वाटली. तारीख बरोबर होती.

हिशेबाला चौघं हॉलमध्येच बसले. मी किल्ली घ्यायला म्हणून थांबलो. जमेच्या बाजूला आकडा चांगला दिसत होता. मग सूट: सख्ख्या भावंडांना दहा टक्के, शाळेतल्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना दहा टक्के, आणि सरांनी परस्पर दिलेली एक सूट, जिच्यापुढे कारण लिहिलं होतं, 'मुलगा हुशार आहे'. त्याखाली आणखी एक, 'मुलगा हुशार नाही, येऊ दे'. पीटीच्या सरांनी तीन दिवस गैरहजर असलेल्या पोराचे पैसे घरी जाऊन परत दिले होते. निरीक्षण खातं. गुलाबी कुरडयांची भरपाई म्हणून पाच किलो गहू. उरलेल्या रकमेतून आधी चित्रकलेच्या सरांचा हिस्सा काढायचा आणि तो इतरांच्या दुप्पट असायचा, हे कधी ठरलं होतं मला माहीत नाही. बाईंनी तो पाकिटात घालून त्यांच्या पिशवीत सरकवला तेव्हा कोणी वर पाहिलं नाही.

राहिलं त्याचे तीन भाग होत नव्हते. सदतीस रुपयांचा फरक येत होता. धंदेवाईक माणूस सदतीस रुपयांना हात झटकून घरी गेला असता. हे तिघं साडेनऊपर्यंत बसले. पुन्हा बेरीज, पुन्हा उभी, पुन्हा आडवी. पीटीच्या सरांनी व्हॉल्व्ह ट्यूबचे सतरा कबूल केले. वीस उरले.

"सर," बाई पेन बाजूला न ठेवता म्हणाल्या, "लिंबं चाळीस सांगितली होती. पैसे बेचाळीसचे गेलेत."

"दोन किडकी निघाली."

"पावती?"

"लिंबूवाला पावती देतो का, बाई?"

"मग त्याची सही आणायची कागदावर."

सर उठले, स्कूटरची किल्ली घेतली. मंडई दहाला बंद होते.